"निदान फिजिओथेरपी तरी": एका विद्यार्थिनीच्या प्रवेश-तयारीचे प्रकरण

जानेवारी २०२३ मधल्या एका रविवारी, न्यू जर्सीत आमच्याच वस्तीत राहणारे एक मराठी कुटुंब मुलीची गुणपत्रके घेऊन माझ्याकडे आले. मुलगी इथल्या एका सरकारी विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मेडिकल स्कूलला जायचे या हिशेबाने तिने विषय घेतले होते आणि पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राने तो हिशेब मोडला होता. चहा व्हायच्या आधीच तिची आई म्हणाली, "ताई, मेडिकलचं आता काही खरं दिसत नाही. निदान फिजिओथेरपी तरी मिळेल का हिला?"

त्या 'तरी'चे मला वाईट वाटले. हे इथे मुद्दाम नोंदवते आहे, कारण पुढच्या सव्वातीन वर्षांत जे जे अडले त्यातले बरेचसे त्या एका शब्दाशी जोडलेले होते. मी स्वतः महाराष्ट्रात बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी केली, अमेरिकेत आल्यावर पदवीचे मूल्यमापन करून घेतले, परवान्याची परीक्षा दिली आणि गेली अनेक वर्षे इथे काम करते आहे. मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने, त्यांची ओळख पटेल असे तपशील वगळून, मी हे प्रकरण लिहीत आहे. आपल्याकडच्या अनेक घरांत याच प्रश्नापासून सुरुवात होते आणि त्यामुळेच पहिली दीड-दोन वर्षे वाया जातात.

आईवडिलांच्या मनातले चित्र आणि इथली व्यवस्था

आईवडिलांच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्रातली पद्धत होती. तिकडे बारावीनंतर एका प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर सारे ठरते. माझ्या वेळी सीईटी होती, आता नीट आहे. यादीत नाव लागले की मूल थेट फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात बसते. मी शिकले तेव्हा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम चार वर्षांचा होता आणि त्यावर सहा महिन्यांची इंटर्नशिप होती. अमेरिकेत फिजिओथेरपी ही पदवीनंतरची पदवी आहे. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी घ्यायची आणि तिच्या पोटात काही ठरावीक विज्ञानविषय पूर्ण करायचे. त्यानंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे डीपीटी. या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या कॅप्टी या संस्थेने २०१६ पासून डीपीटीखेरीज दुसऱ्या कोणत्याही पदवीला थेरपिस्टच्या प्रवेशपदवीची मान्यता ठेवलेली नाही. त्यामुळे 'मास्टर्स करून लवकर मोकळे होऊ' हा जुन्या पिढीच्या थेरपिस्टांना उपलब्ध असलेला रस्ताही आता नाही.

प्रवेशासाठी अशी एकही परीक्षा नाही की जिच्यातला क्रमांक बाकीचे सगळे झाकून टाकेल. बहुतेक कार्यक्रम, म्हणजे डीपीटी शिकवणारी विद्यापीठे, पीटीकॅस या मध्यवर्ती सेवेमार्फत अर्ज घेतात. तिथे सगळ्या महाविद्यालयांतले गुण, पूर्वअट म्हणून मागितलेले विषय, थेरपिस्टसोबत बसून केलेल्या निरीक्षणाचे तास, शिफारसपत्रे आणि एक निबंध असे सारे एकत्र जाते. काही कार्यक्रम जीआरई ही परीक्षा मागतात, काही मागत नाहीत, आणि न मागणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचा एकूण जीपीए, म्हणजे चारपैकी मोजली जाणारी श्रेणींची सरासरी, देशभरात साधारण साडेतीनच्या आसपास असतो. मेडिकलमध्ये न बसणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली ही जागा नाही, हे त्या रविवारी मी जरा स्पष्टच बोलले. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. तिला मी एकच प्रश्न विचारला: तू आजवर कुठल्या फिजिकल थेरपिस्टला काम करताना पाहिलं आहेस का? तिने पाहिले नव्हते.

दोन गुणपत्रकांची गोष्ट

आकड्यांशी थोडे सविस्तर थांबले पाहिजे, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होता.

पहिल्या सत्रात तिला जीवशास्त्रात सी-प्लस, रसायनशास्त्राच्या पहिल्या भागात सी आणि कॅल्क्युलसमध्ये बी-मायनस मिळाले होते. दुसऱ्या सत्रात रसायनशास्त्राच्या दुसऱ्या भागात थेट डी. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात तिने तोच विषय पुन्हा घेतला आणि बी-प्लस आणला. तिच्या विद्यापीठात श्रेणी बदलून घेण्याची सोय होती. म्हणजे विषय पुन्हा घेतला की जुनी श्रेणी गुणपत्रकावर दिसते, पण सरासरीत धरली जात नाही. त्यामुळे विद्यापीठाच्या कागदावर तिचा जीपीए ३.०८ होता आणि घरात सगळे 'तीनच्या वर आहे' या समाधानात होते.

पीटीकॅस स्वतःची सरासरी काढते आणि तिच्यात प्रत्येक प्रयत्न धरते. क्रेडिट म्हणजे सरासरीतले विषयाचे वजन; डीचे ४ क्रेडिट परत आले की हिशेब असा होतो: एकूण ४२ क्रेडिट, १२१.१ गुणांक, म्हणजे २.८८. एकाच मुलीचे एकाच दिवशी दोन जीपीए. मी वहीच्या पानावर हे मांडले तेव्हा तिचे वडील बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले; ते स्वतः लेखापाल आहेत, त्यामुळे पुढचे गणित त्यांनीच केले. सर्वसाधारण वाटेने जायचे तर अर्ज जून २०२४ मध्ये, म्हणजे तिसरे वर्ष संपताच करायचा. तोवर आणखी ४९ क्रेडिट होणार होते. त्या प्रत्येक विषयात तिने ए आणला असता, एकही अपवाद न करता, तरी सरासरी ३.४८ वर थांबली असती. पहिल्या वर्षाचे गुण पुसता येत नाहीत. त्यांच्यावर चांगल्या गुणांचे वजन ठेवत जावे लागते, आणि त्याला सत्रे लागतात.

याच गणितातून दुसरा एक निर्णय निघाला, जो तिला आधी पटत नव्हता. रसायनशास्त्राच्या पहिल्या भागातला सी तिला डाचत होता आणि तो विषयही पुन्हा घ्यायचा तिचा आग्रह होता. बहुतेक कार्यक्रमांना पूर्वअट विषयांत किमान सी चालतो, त्यामुळे ती अट पूर्ण झालेली होती. दोन्ही प्रयत्न सरासरीत धरले जाणार असतील, तर जुन्या विषयात आणलेला ए आणि व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रासारख्या नव्या, वरच्या पातळीच्या ४ क्रेडिटच्या विषयात आणलेला ए यांचे एकूण सरासरीतले वजन तंतोतंत सारखे असते. नव्या विषयात मात्र पुढे उपयोगी पडणारे काहीतरी शिकून होते. पूर्वअट विषयांच्या वेगळ्या सरासरीत पुन्हा दिलेल्या विषयाची वरची श्रेणीच धरणारे काही कार्यक्रम असतात. त्यांच्यासाठी पुनर्प्रयत्न फायद्याचा ठरतो. म्हणून आधी आपण कुठे कुठे अर्ज करणार त्यांची यादी करायची आणि त्यांचे नियम वाचायचे, मग विषय निवडायचे. तिच्या यादीतल्या कार्यक्रमांचे नियम वाचल्यावर सीला हात लावायचा नाही असे ठरले.

यादी करताना आणखी बऱ्याच गोष्टी कळल्या. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग प्रयोगशाळेसह सगळ्यांनाच हवे होते आणि ते मानवाचेच हवे होते. भौतिकशास्त्राचे दोन भाग सगळीकडे हवे होते, मात्र कॅल्क्युलसवर आधारलेले असण्याची गरज नव्हती. मेडिकलच्या हिशेबाने तिने कॅल्क्युलसचे भौतिकशास्त्र घ्यायचे ठरवले होते, ते आम्ही बदलले. संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र झालेले होते. सेंद्रिय रसायनशास्त्र तिच्या यादीतल्या कुणालाच नको होते. हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मला आठवते, आणि इतक्या चुकीच्या भीतीखाली ही मुलगी वर्षभर राहिली याचे वाईटही वाटते. फेब्रुवारीत तिने जीवशास्त्र सोडून व्यायामशास्त्र हा मुख्य विषय घेतला. डीपीटीला मुख्य विषयाची अट नसते. इतिहासाचा पदवीधरही पूर्वअट विषय करून अर्ज करू शकतो. तिच्यासाठी हा बदल एवढ्याचसाठी योग्य होता की पूर्वअटीतले बरेच विषय त्या पदवीतच बसत होते आणि तिला जैवयांत्रिकी शिकायची मनापासून इच्छा झाली होती.

डी का आला, हेही विचारणे भाग होते. ती आळशी नव्हती. सोडवलेली उदाहरणे पाठ करायची, कुणाला काही विचारायचे नाही आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत त्यांच्याकडे जाणे म्हणजे आपले अज्ञान दाखवणे, अशी तिची समजूत होती. ही समजूत मी आपल्या घरांतल्या कितीतरी हुशार मुलांत पाहिली आहे. शरीररचनेच्या पहिल्या आठवड्यापासून तिने प्रयोगशाळेतल्या शिक्षिकेकडे जायला सुरुवात केली, प्रथम माझ्या आग्रहाने आणि महिन्याभरानंतर स्वतःहून. पुढे त्याच शिक्षिकेने शिफारसपत्र लिहिले.

निरीक्षण: वहीतले दोन नमुने

निरीक्षणाच्या तासांबद्दल प्रत्येक कार्यक्रमाची मागणी वेगळी असते. तिच्या यादीत एकाला दोन वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून १०० तास हवे होते, एकाला ४० पुरत होते, एकाची अटच नव्हती. विद्यार्थी बहुधा हे तास शेवटच्या उन्हाळ्यात 'भरून काढतात'. मी तिला उलट करायला सांगितले. विषय बदलण्याआधी, यादी पक्की करण्याआधी, आठवड्यातून एक दुपार बसून हे काम बघ आणि मग सांग की हवे आहे का. रुग्णालयातल्या निरीक्षणासाठी क्षयरोगाची चाचणी, फ्लूची लस आणि गोपनीयतेचे प्रशिक्षण यांत दोनेक महिने गेले. तोवर बाहेरच्या रुग्णांच्या एका छोट्या क्लिनिकने तिला येऊ दिले. मी काम करते तिथे तिला मी घेतले नाही, कारण तिचे शिफारसपत्र माझ्याकडून येणे बरोबर दिसले नसते.

तिने वही ठेवावी, तिच्यात कुणाचे नाव किंवा ओळख पटेल असे काही लिहू नये आणि दर पंधरा दिवसांनी ती मला दाखवावी, असे ठरले. पहिल्या वहीतली एक नोंद अशी होती: "गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया, तिसरा आठवडा. गरम शेक १० मिनिटे. पाय सरळ उचलणे १० वेळा, ३ फेऱ्या. सायकल ५ मिनिटे." व्यायामांची यादी बरोबर होती. मी विचारले, त्या दिवशी गुडघा किती वाकत होता? माहीत नव्हते. थेरपिस्टने सर्वांत जास्त वेळ कशावर घालवला? आठवत नव्हते. पुढच्या वेळी ती जागेवरून उठून जवळ उभी राहिली. मग आलेली नोंद मी इथे तिच्या शब्दांत देते (गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन): "गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक भुजा मांडीच्या वरच्या हाडाकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. वाकणे ८८ अंश. पूर्ण सरळ व्हायला १२ अंश कमी. मला वाटले आता वाकवण्यावर काम होईल. त्यांनी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि सरळ करण्यावरच वीस मिनिटे दिली. विचारल्यावर म्हणाले, वाकणे येत राहील. गुडघा सरळ झाला नाही तर चाल बिघडते आणि बिघडलेली चाल सवय होऊन बसते." या नोंदीवर मी तारीख आणि बरोबरची खूण करून दिली. त्या दिवसापासून ती हे काम करू शकेल, असे मला वाटू लागले.

दुसरी घटना २०२३ च्या उन्हाळ्यातली. पक्षाघातानंतरच्या रुग्णांना ठेवतात अशा एका पुनर्वसन केंद्रात तिला बसायला मिळाले. तिथे एक मराठी आजोबा होते, इंग्रजी फारसे न येणारे. थेरपिस्ट त्यांना खुर्चीतून उठायला शिकवत होती. कमरेला गेट बेल्ट म्हणजे रुग्णाला धरायचा पट्टा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, आणि मग पुढे झुकून उभे राहायचे. आजोबांची लेक भाषांतर करत होती: "बाबा, वाका." आजोबा आज्ञाधारकपणे मान खाली घालत, पाठीचा पोक काढत, आणि जागचे हलत नसत. चार वेळा हेच झाले. थेरपिस्टला वाटले पायात ताकद नाही. मुलगी निरीक्षक होती, तिला रुग्णाशी परस्पर बोलायची मुभा नव्हती. तिने थेरपिस्टला बाजूला सांगितले की मराठीत 'वाका' म्हटले की माणूस नमस्काराला वाकतो तसा वाकतो, छाती पुढे नेत नाही. थेरपिस्टच्या परवानगीने लेकीने शब्द बदलला: "बाबा, नाक पुढे न्या, पायाच्या बोटांच्या पुढे. कुणीतरी समोरून हात देतंय असं समजा." दुसऱ्या प्रयत्नात आजोबांची बैठक खुर्चीवरून सुटली.

तिच्या वहीत त्या दिवशी फक्त तीन ओळी होत्या. ताकद पायात होती, सूचना चुकीच्या जागी पोचत होती, असे त्यांतल्या शेवटच्या ओळीत लिहिले होते. थेरपिस्टचे अर्धे काम हेच असते की शरीराला नेमके कुठे पोचायचे आहे ते दुसऱ्याच्या भाषेत सांगता येणे, आणि हे एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःहून दिसले याचा मला फार आनंद झाला. त्या रात्री तिने फोन करून सांगितले, "मावशी, मला हेच करायचंय." 'तरी' हा शब्द त्यात नव्हता.

पहिला अर्ज

जून २०२४ पर्यंत तिने सांगितलेले बहुतेक सगळे केले होते. ४९ क्रेडिटमध्ये सरासरी ३.७५, निरीक्षणाचे १३० तास, त्यांतले निम्म्याहून थोडे कमी रुग्णालयात आणि पुनर्वसन केंद्रात. जीआरईही दिली होती. ही परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आटोपते, त्यामुळे तिच्यासाठी लागणारा दम आता कमी झाला आहे, तयारी मात्र तेवढीच लागते. पीटीकॅसच्या हिशेबाने एकूण जीपीए ३.३५ येत होता.

माझे मत एक वर्ष थांबावे असे होते. शेवटच्या वर्षाची ३० क्रेडिट जोडल्यावर सरासरी साडेतीनच्या जवळ जाणार होती आणि शेवटच्या ६० क्रेडिटची सरासरी वेगळी पाहणाऱ्या कार्यक्रमांपुढे तिची बाजू भक्कम होणार होती. आईवडिलांना वर्ष 'फुकट' जाण्याची काळजी होती. पदवी झाल्यावर मुलगी वर्षभर घरी, हे नातेवाइकांना काय सांगायचे, असेही त्यांच्या बोलण्यात आले. मुलगी मधे अडकली. शेवटी तिने सहा कार्यक्रमांना अर्ज करायचे ठरवले आणि तो तिचा निर्णय होता म्हणून मी तो मान्य केला.

इथे एक चूक झाली आणि तिचा वाटा माझ्याकडेही येतो. बारावीत असताना शाळेमार्फत तिने काउंटी कॉलेजचा, म्हणजे स्थानिक सरकारी महाविद्यालयाचा, इंग्रजी लेखनाचा एक विषय घेतला होता, तीन क्रेडिटचा. आपल्याकडे अशी सोयच नसल्यामुळे मी कधी विचारले नाही, आणि तिच्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर तो विषय आधीच जमा झालेला असल्यामुळे तिला त्याचे वेगळे काही वाटले नाही. पीटीकॅसला मात्र विद्यार्थी ज्या ज्या महाविद्यालयात एका विषयासाठीही नाव नोंदवतो त्या प्रत्येकाचे अधिकृत गुणपत्रक लागते, शाळेत असतानाचे असले तरी. ऑगस्टच्या शेवटी अर्ज गेला आणि अपूर्ण म्हणून पडून राहिला. काउंटी कॉलेजातला तिचा जुना खातेक्रमांक सापडण्यात, मागणी करण्यात, कागद पोचण्यात आणि मग तपासणीत ऑक्टोबर उजाडला. तिच्या सहापैकी दोन कार्यक्रम अर्ज येतील तसे जागा देत जाणारे होते. त्यांनी तोवर बऱ्याच जागा दिल्या असणार.

निबंधही घाईत झाला होता. रिकाम्या जागा धरून ४५०० अक्षरे एवढी मर्यादा असते. तिने पहिली हजारेक अक्षरे 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते' या अर्थाच्या वाक्यांवर घालवली होती आणि आजोबांचा प्रसंग शेवटी दोन ओळींत उरकला होता. मला तो मसुदा अर्ज पाठवल्यानंतर पाहायला मिळाला.

सहापैकी पाच कार्यक्रमांनी मुलाखतीला बोलावले नाही. एकाने बोलावले आणि प्रतीक्षायादीत ठेवले. ती यादी मे २०२५ पर्यंत पुढे सरकली नाही.

दुसरे वर्ष

हे वर्ष फुकट गेले नाही, आणि आईवडिलांनी ते नंतर मोकळेपणाने मान्य केले. पदवीच्या शेवटच्या दोन सत्रांत तिने मज्जासंस्था, हालचालींचे नियंत्रण आणि व्यायाम-शरीरक्रियाशास्त्राचा वरचा भाग असे विषय घेतले आणि ३.८६ ची सरासरी आणली. काउंटी कॉलेजचे तीन धरून एकूण १२४ क्रेडिटवर पीटीकॅसचा आकडा ३.४८ झाला, शेवटच्या ६० क्रेडिटची सरासरी ३.८ च्या आसपास होती. जून २०२५ पासून तिने एका क्लिनिकमध्ये मदतनीस म्हणून पगारी नोकरी धरली. टेबले पुसणे, टॉवेल धुणे, शेकाच्या पिशव्या तयार ठेवणे, पुढच्या रुग्णासाठी पायऱ्या मांडून ठेवणे, अशी ती कामे असतात; उपचार करण्याचा अधिकार मदतनिसाला नसतो. आईला हे काम कमीपणाचे वाटत होते. पण दिवसाला वीस-पंचवीस रुग्ण आत येताना आणि बाहेर जाताना कसे चालतात, हे आठ महिने रोज पाहणे ही फार मोठी शिकवणी आहे आणि वर पैसेही मिळत होते.

या वेळी गुणपत्रके, काउंटी कॉलेजाच्या त्या एका विषयासकट, अंतिम श्रेण्या लागताच मागवली. शिफारसपत्रे तीन होती: शरीररचनेच्या शिक्षिकेचे, पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्टचे आणि जैवयांत्रिकीच्या प्राध्यापकांचे. क्लिनिकच्या पहिल्या थेरपिस्टने मनापासून तयारी दाखवली होती, पण त्यांनी तिला मोजके तास पाहिले होते आणि ते पत्र जेमतेम चार वाक्यांचे झाले असते; म्हणून ज्यांच्या डोळ्यांसमोर तिने काहीतरी केले होते त्यांनाच विचारले. पीटीकॅसचा नवा हंगाम जूनच्या मध्यावर उघडतो. महिना संपायच्या आत तिचा अर्ज गेला आणि जुलैत त्याची तपासणी पूर्ण झाली.

निबंध तिने पाच वेळा लिहिला. पाचव्या मसुद्यात मदत करण्याच्या आवडीचे एकही वाक्य नव्हते. तो 'वाका' या शब्दापासून सुरू होत होता, मराठीत त्याचा अर्थ काय आणि एका खुर्चीपाशी त्याने काय केले हे सांगत होता, आणि तिथून गुडघ्याच्या १२ अंशांकडे जात होता. मराठी न जाणणाऱ्या वाचकालाही ते समजावे म्हणून तिने एकेक वाक्य किती घासले ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या मते तिच्या संपूर्ण अर्जात सगळ्यात अस्सल पान तेच होते.

आठ कार्यक्रमांपैकी तिघांनी मुलाखतीला बोलावले. एका ठिकाणी छोट्या छोट्या प्रसंगांच्या सलग फेऱ्या होत्या, प्रत्येक फेरीला नवा परीक्षक. दुसऱ्या ठिकाणी तिघांच्या समितीने पहिल्याच मिनिटाला डीबद्दल विचारले. घरी सराव करताना वडिलांचा सल्ला होता की त्या वर्षी प्रकृती ठीक नव्हती असे सांगावे. ती तसे बोलली नाही. तिने सांगितले की मदत मागायची तिला लाज वाटत होती, तो विषय तिने पाठ करून पार पाडायचा प्रयत्न केला, आणि नंतरच्या प्रत्येक विज्ञानविषयात पहिल्या आठवड्यापासून शिक्षकांकडे जायची सवय लावून घेतली. त्यानंतरचे गुण समोर आहेत. समितीने त्यावर उपप्रश्न विचारला नाही, विषय पुढे नेला.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक खासगी विद्यापीठ, थोडे अधिक नावाजलेले, आणि एक याच राज्यातले सरकारी. तीन वर्षांच्या शुल्कातले अंतर साठ हजार डॉलरहून अधिक होते. डीपीटीचे कर्ज हा या व्यवसायातला जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. फिजिकल थेरपिस्टचे मध्यक वार्षिक वेतन एक लाख डॉलरच्या आसपास आहे, आणि राहण्याजेवण्यासकट तीन वर्षांचा खर्च त्याच्या पुढे सहज जातो. शिवाय ग्रॅड प्लस हे केंद्र सरकारचे कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होते आहे आणि तिचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये सुरू होणार आहे. परवान्याची परीक्षा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच असते, उत्तीर्ण होण्याचा ६०० चा आकडाही एकच. हा भाग वडिलांनी एका संध्याकाळी कागदावर मांडला आणि तिने सरकारी विद्यापीठाची अनामत रक्कम भरली.

सध्या ती क्लिनिकमधली नोकरी करतेच आहे. पहिल्या सत्रात शवविच्छेदनासह शरीररचना आहे, म्हणून रात्री खांद्याच्या आणि कमरेच्या स्नायूंची उजळणी करते. मागच्या आठवड्यात तिने दहा-बारा इंग्रजी सूचनांची यादी पाठवली: वजन डाव्या पायावर घ्या, खांदा उचलू नका, टाच आधी टेकवा, श्वास धरून ठेवू नका. प्रत्येकीसाठी आपल्या आजी-आजोबांना चटकन कळेल असा मराठी शब्द तिला हवा आहे. 'वजन डाव्या पायावर घ्या' याच्यापाशी आम्ही दोघी अडलो आहोत. 'भार द्या' म्हटले की माणूस पाय दाबतो, 'टेका' म्हटले की भिंत शोधतो. माझ्या आईला फोन करून विचारायचे ठरले आहे.